पेटीचं छप्पर पावसाळ्यात वाकतं, स्टूल उन्हाळ्यात चिरतं

मे महिन्यात केलेली चिमण्यांच्या घरट्याची लाकडी पेटी श्रावणापर्यंत तोंड वासते. गणपतीच्या सुमारास केलेली पेटी होळीपर्यंत चिरते. माझ्याकडे हे ओळीने तीन वर्षं झालं आणि दर वर्षी मी दोष भलत्याच कुणाला तरी दिला. पहिल्या वर्षी खिळ्यांना, दुसऱ्या वर्षी लाकडाला, तिसऱ्या वर्षी रंगाला. तिसऱ्या वर्षी तर पेटीला बाहेरून तीन हात ऑइलपेंट मारला होता. रंग टिकला, पेटी टिकली नाही.

मी पुण्यात राहतो, काम गॅलरीत करतो. लाकूड मिळेल ते घेतो: कारखान्यांबाहेर पडलेली पॅलेटं (माल रचायच्या लाकडी चौकटी), फळांची खोकी, आणि एका पाडलेल्या जुन्या घराच्या सागवानी दारांचे तुकडे. त्यातून चिमण्यांच्या पेट्या, बुटकी स्टुलं, देवघरासाठी छोटा चौरंग, किल्ल्या-चिठ्ठ्यांचा खण असलेलं फडताळ असलं किरकोळ सामान करतो. यात बिघाड होतो तो पाच तऱ्हांनी, आणि बहुतेकांकडे याच पाच तक्रारी असतात.

छपराच्या फळीच्या कडा वर उचलतात, मधे पन्हळ होते, पाणी साचतं आणि मागच्या फटीतून आत उतरतं. समोरच्या फळीला चिमणीच्या भोकापासून निघून थेट कडेपर्यंत भेग जाते. पेटीचा तळ बाजूच्या फळ्यांना बाहेर ढकलतो आणि कोपरा उघडतो. स्टुलाची बैठक एप्रिलमधल्या एखाद्या दुपारी ‘टक्’ असा आवाज करून मधोमध फाटते. आणि जो खण मे महिन्यात बोटाने सरकायचा, तो जुलैत दोन्ही पाय भिंतीला लावून ओढावा लागतो.

ही पाच दुखणी आहेत असं समजून मी पाच औषधं केली. भेगेत लांबी (पुटी) भरली, कोपऱ्यावर पत्र्याच्या कोनपट्ट्या ठोकल्या, छपरावर आणखी चार स्क्रू मारले, खण घासून बारीक केला. खण पुढच्या उन्हाळ्यात खुळखुळायला लागला. छपराची फळी त्या चार स्क्रूंच्या मधोमध फाटली. तेव्हा लक्षात आलं की मी लाकडाला घट्ट धरायला जातोय आणि तेच त्याला नको आहे.

एका फळीवर पेन्सिलीची रेघ

शहाणपण एका फुकट प्रयोगाने आलं. पाइनची एक फळी, रुंदी १९० मिलिमीटर. मेच्या शेवटच्या आठवड्यात मोजून तिच्यावरच तारीख घातली आणि गॅलरीत, पाऊस थेट लागणार नाही अशा जागी उभी करून ठेवली. ऑगस्टमध्ये मोजली तर १९४. लांबी मात्र होती तेवढीच, माझ्या टेपला फरक कळला नाही. फेब्रुवारीत पुन्हा १९१.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, हे आपण दारं-खिडक्या अडकतात त्यावरून जाणतोच. पण किती आणि कुठल्या दिशेने, हे सहसा कुणी मोजत नाही. हवेत ३० टक्के आर्द्रता असेल तर लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या ६ टक्क्यांच्या आसपास पाणी धरून स्थिरावतं. ८० टक्के असेल तर १५-१६ टक्के, ९० टक्के असेल तर २० पर्यंत. आपल्याकडे एप्रिलची दुपार आणि जुलैचा आठवडा यांच्यात एवढा फरक पडतोच. हे पाणी फळीत शिरलं की ती रुंदीत आणि जाडीत फुगते. लांबीत जवळजवळ नाहीच. मीटरभर लांब फळी अख्ख्या वर्षात अर्धा-एक मिलिमीटर हलली तर खूप झालं.

म्हणजे फळी एकाच दिशेने श्वास घेते. तिच्यावर दुसरी फळी आडवी टाकून दोन्ही टोकांना पक्की ठोकली, की एक फुगायला बघते आणि दुसरी तिला धरून ठेवते. यात जिंकतं लाकूडच. स्क्रू वाकतात, खिळे डोकी वर काढतात, आणि दोन्ही टिकले तर फळी स्वतःलाच फाडून घेते. वरची पाचही दुखणी याच एका भांडणाची आहेत.

बांधणीच्या वेळी फळी कोरडी असेल तर पावसाळ्यात फुगून ढकलते. ओली असेल तर उन्हाळ्यात आकसून फाटते. मेच्या पेटीचं आणि गणपतीच्या पेटीचं दुखणं वेगळं का दिसत होतं, ते इथे उलगडतं.

यातली एक गंमत अशी की २० मार्चला जागतिक चिमणी दिवस असतो, २०१० पासून साजरा होतो. त्या निमित्ताने शाळांतून, सोसायट्यांतून पेट्या बनवण्याची लाट येते. लाकूड वर्षात सगळ्यात कोरडं असतं ते त्याच सुमाराला, आणि तीन महिन्यांत त्याच पेटीवर मृगाचा पाऊस पडतो. मार्चमध्ये पेट्या करू नका असं नाही. मार्चमध्ये करायची तर फुगायला जागा ठेवून करा.

‘देवदार’ म्हणून मिळालं ते देवदार असतं का

परदेशातले व्हिडिओ बघून अनेकजण सीडर शोधत वखारीत जातात आणि तिथे ‘देवदार’ मागतात. आपल्याकडे देवदारी खोकं म्हणजे पॅकिंगचं कुठलंही पांढरट, हलकं लाकूड. बहुतेक वेळा आयात केलेलं पाइन. खरा देवदार हिमालयातला, काश्मीर-हिमाचल-उत्तराखंडातला. त्याला स्वतःचा तेलकट सुगंध असतो आणि गाभा पिवळसर तपकिरी असतो. रंधा मारला की वास खोलीभर होतो. तुमच्या फळीला नुसता राळेचा वास येत असेल आणि गाठींतून चिकट थेंब निघत असतील तर ते पाइन आहे. व्हिडिओतला अमेरिकन वेस्टर्न रेड सीडर हा तर वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात देवदाराच्या कुळातला नाहीच, नाव तेवढं सीडर. न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ कुंपणाच्या सीडरच्या फळ्यांतून पेट्या करतो. त्याच्याकडे त्या स्वस्तात मिळतात, म्हणून तो करतो. आपण त्यासाठी कासावीस व्हायचं कारण नाही.

कारण सीडर घेतला म्हणून हे दुखणं जात नाही. पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडा होताना रेड सीडर रुंदीत साधारण ५ टक्के आकसतो, सागवान ६ च्या जरा आत, अमेरिकन पिवळं पाइन ७ च्या वर. फरक आहे, पण शून्य कुणीच नाही. सीडर आणि सागवान यांचा खरा फायदा म्हणजे ते लवकर कुजत नाहीत, आणि तोही फक्त गाभ्याच्या लाकडाचा. सालीलगतचा फिकट भाग सागवानाचा असला तरी पाइनइतक्याच उत्साहाने कुजतो. जुन्या दाराचा तुकडा मिळाला तर आधी हे बघा.

पॅलेटच्या लाकडाबद्दल एक गैरसमज मीही बाळगला होता. त्यावर कणसाच्या चिन्हाशेजारी ‘एचटी’ असा शिक्का असतो, म्हणजे उष्णतेची प्रक्रिया केलेलं. मला वाटायचं, म्हणजे लाकूड वाळवलेलं. तसं नाही. त्या प्रक्रियेत लाकडाच्या गाभ्याचं तापमान ५६ अंशांवर ३० मिनिटं ठेवतात, तेही कीड मरावी म्हणून. लाकूड आतून चिंब ओलं असलं तरी शिक्का बसतो. ‘एमबी’ असा शिक्का असेल तर ते लाकूड मिथाइल ब्रोमाइड वायूने धुरी दिलेलं. ते मी उचलतच नाही, पक्ष्यांसाठी तर नाहीच. तेलाचे, रसायनाचे डाग असलेलंही नाही.

आंब्याच्या लाकडाची खोकी मिळाली तर एक वेगळीच भानगड असते: काही महिन्यांनी खाली मैद्यासारखं पीठ पडायला लागतं. हे पीठ पाडणारा भुंगा स्टार्च असलेल्या रुंदपानी झाडांच्या लाकडात होतो, पाइनमध्ये नाही. पीठ दिसलं की तो तुकडा घराबाहेर. त्याच्या शेजारी सागवान असेल तर त्याच्या फिकट भागावरही लक्ष ठेवा.

आधी वाळवा, आणि वाळलं की नाही ते तोलून बघा

पॅलेट मोडलं की फळ्या एकावर एक रचायच्या, पण दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या रिपा घालून, सावलीत, वारा खेळेल अशा जागी. सगळ्यात वर वजन. इंचभर जाडीच्या पाइनला हिवाळ्या-उन्हाळ्यात दोन-तीन महिने पुरतात. उन्हात टाकून घाई केली तर टोकं आधी वाळतात आणि तिथेच फाटतात. पाणी फळीच्या कापलेल्या टोकांतून, म्हणजे जिथे तंतू उघडे पडतात तिथून, पृष्ठभागापेक्षा कितीतरी पट वेगाने आत-बाहेर होतं. म्हणून रचण्याआधी मी टोकांना जुना रंग किंवा मेण फासतो.

आर्द्रता मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आहे. फळीच्या टोकापासून हातभर आतला एक तुकडा कापायचा, वजन लिहायचं, मग ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांवर वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत ठेवायचा. समजा १०० ग्रॅमचा तुकडा ८७ वर थांबला. गेलेलं पाणी १३ ग्रॅम, भागिले ८७. म्हणजे सुमारे १५ टक्के. पुण्यात काम सुरू करताना मी ११-१२ टक्क्यांच्या आसपास बघतो, म्हणजे फळी दोन टोकांच्या मधे उभी असते, दोन्हीकडे थोडीच जाते. घरात काट्याचा आणि ओव्हनचा हा उपयोग एकदा समजावून सांगावा लागतो, एवढंच.

एवढी खटपट नको असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काम करा. आपल्या हवेत लाकूड तेव्हा आपोआप मधल्या जागी आलेलं असतं.

पेटी: कुठली फळी कुठे, कशी

माझी समोरची फळी दर वेळी भोकापासूनच का चिरायची? कारण पॅलेटच्या आखूड पट्ट्या मी समोर आडव्या लावायचो, तर बाजूच्या फळ्या उभ्या असायच्या. समोरची उंची २५० मिलिमीटर, तीही फळीच्या रुंदीच्या दिशेने, म्हणजे नेमकी हलणारी. ओल्या-कोरड्याच्या फेऱ्यात ती पाच-सहा मिलिमीटर हलायला बघणार, आणि बाजूच्या उभ्या फळ्या उंचीत अर्धा मिलिमीटरही हलणार नाहीत. ताण आला की फळी सगळ्यात कमकुवत जागी फाटणार, आणि तिथे मी स्वतःच्या हाताने भोक पाडून ठेवलेलं. चारही भिंतींचे तंतू उभे ठेवले तर सगळ्या भिंती एकाच दिशेने, एकाच बेताने फुगतात आणि कुणी कुणाला अडवत नाही. या एका बदलाने भोकाची भेग थांबली. पट्ट्या अरुंद असतील तर दोन उभ्या पट्ट्या शेजारी लावा आणि सांधा भोकावर येऊ देऊ नका.

तळ भिंतींच्या आत बसवायचा, खाली उघडा दिसेल असा नाही. नाहीतर भिंतीवरून उतरलेलं पाणी तळाच्या कडेने आत शोषलं जातं. मार्च ते मेमध्ये करत असाल तर तळाभोवती सगळीकडून दीड-दोन मिलिमीटर मोकळं सोडा. पावसाळ्यात केला तर अंगाबरोबर बसवा, पुढे आपोआप फट पडेल. धरायला प्रत्येक बाजूने मधोमध एकेक स्क्रू पुरे. चार कोपरे मी तिरके छाटतो. पाणी निथळायला वेगळी भोकं पाडावी लागत नाहीत, आणि कोपऱ्यातली भोकं काडीकचऱ्याने बुजतात तसे हे छाटलेले कोपरे चटकन बुजत नाहीत.

आता छप्पर, कारण सगळ्यात जास्त वेळ मी त्यातच घालवला आहे.

छपराची फळी वाकते यामागे दोन गोष्टी एकदम चालू असतात. एक म्हणजे वरची बाजू भिजते, खालची फक्त दमट होते. वरची फुगायला बघते, पण स्क्रूंनी आणि खालच्या कोरड्या थराने धरलेली असल्यामुळे तिथले तंतू चेपले जातात. मग दोन दिवस उघडीप मिळते, कडक ऊन पडतं, वरची बाजू आधी वाळते आणि चेपलेली असल्यामुळे आधीपेक्षाही आखूड होते. कडा वर येतात. दोन-चार पाऊस आणि दोन-चार उघडिपी झाल्या की पन्हळ पक्की.

दुसरी गोष्ट फळीच्या वलयांची. फळीच्या टोकाकडून बघा, झाडाच्या वलयांच्या कमानी दिसतील. लाकूड वलयाच्या बाजूने जेवढं हलतं, त्याच्या साधारण निम्मंच त्याच्या काटकोनात हलतं. त्यामुळे फळी वाळताना कमानी सरळ व्हायला बघतात आणि भिजताना जास्त वाकायला. वाळलेली फळी छपरावर टाकताना कमानी छत्रीसारख्या, पाठ आभाळाकडे, अशा ठेवल्या तर पावसात ती वर फुगून पाणी दोन्हीकडे सोडते. उलट ठेवली तर पन्हळ होते. मात्र फळी ओली असेल तर हा हिशेबही उलटतो, म्हणून आधी वाळवणं आलं. सरळ उभ्या रेघांची, म्हणजे टोकाकडून वलयं उभी दिसणारी फळी मिळाली तर ती छपरासाठी राखून ठेवा. ती जवळजवळ वाकतच नाही. जुन्या सागवानी दारांच्या चौकटीत असे तुकडे हमखास सापडतात.

एवढं करूनही १९० ची एकच फळी मला त्रास देत राहिली. शेवटी मी तिचा नाद सोडला. आता ७०-७५ मिलिमीटरच्या पट्ट्या कौलांसारख्या एकीवर एक चढवतो, वरची खालचीवर २० मिलिमीटर. प्रत्येक पट्टीला फक्त वरच्या कडेजवळ एका ओळीत स्क्रू. खालची कड मोकळी, ती हवी तेवढी सरको. पट्टी अरुंद असली की बाकही अरुंदीच्या प्रमाणात उरतो, डोळ्याला दिसतसुद्धा नाही. कोकणातल्या घरांनी हे शेकडो वर्षं डोक्यावर मिरवलं आणि मला ते कळायला तीन पावसाळे लागले.

छप्पर समोरून ६०-७० मिलिमीटर पुढे हवं. पुढच्या कडेपासून बोटभर आत, खालच्या अंगाला, करवतीचा ३ मिलिमीटर खोल एक चर मारा. नाहीतर पागोळी कडेवरून खाली न पडता छपराच्या पोटाला चिकटून भिंतीपर्यंत येते आणि भोकात शिरते. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि पेटी आतून कोरडी राहण्यात त्याचा वाटा रंगाच्या तिन्ही हातांपेक्षा मोठा आहे.

प्लायवूड घालू का, असं बरेचजण विचारतात. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे असतात, त्यामुळे तो रुंदीत जवळजवळ फुगत-आकसत नाही, हे खरं. पण साधा एमआर (नुसत्या दमटपणाला टिकणाऱ्या) दर्जाचा, आयएस ३०३ या भारतीय मानकाचा प्लाय उघड्यावर एका पावसाळ्यात पानं सुटल्यासारखा होतो. घालायचाच तर आयएस ७१० चा मरीन प्लाय घाला आणि कडा रंगाने नीट बुजवा. एमडीएफचं, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या बोर्डाचं, नावही काढू नका.

बाकी पेटीचं थोडक्यात. भोक ३२ मिलिमीटर, तळापासून १३-१५ सेंटिमीटर वर. समोर बसायला दांडी नको. चिमणीला ती लागत नाही, कावळ्याला उपयोगी पडते. आतून रंग नाही, पॉलिश नाही. तोंड पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला नको: दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा दोन्ही तिकडून येतात. एक बाजू बिजागरीवर किंवा दोन खिळ्यांच्या आसावर उघडती ठेवा, साफसफाईला. आणि आत काड्या जमल्या असतील, अंडी-पिल्लं असतील तर छप्पर कितीही वाकलेलं असो, हात लावायचा नाही. घरटं रिकामं झालं की मग दुरुस्ती.

स्टूल, पाट, चौरंग

स्टुलाच्या बैठकीत माझी चूक उघड होती. तीन सागवानी पट्ट्या चिकटवून ३०० मिलिमीटरची बैठक केली, खाली दोन आडव्या पट्ट्या गोंद लावून, वर आणखी प्रत्येकी चार स्क्रू मारून. भक्कम व्हावी म्हणून. ते स्टूल ऑगस्टमधलं. सागवान एकेका टक्का ओलाव्यामागे रुंदीच्या सुमारे पाचशेव्या भागाइतकं हलतं. आठ टक्के ओलावा उतरला की ३०० मिलिमीटरमागे जवळपास साडेचार मिलिमीटर. एवढं आकसायला खालच्या पट्टीने जागा दिली नाही, म्हणून बैठक फाटली. आणि भेग सांध्यावर नव्हती, अख्ख्या लाकडात होती. म्हणजे गोंद चांगला होता, अक्कल कमी पडली.

उपाय सोपा आहे. आडवी पट्टी ठेवा, पण गोंद अजिबात नको. मधला एक स्क्रू पक्का. बाकीच्यांसाठी पट्टीत गोल भोकाऐवजी लांबट भोक करा: शेजारी-शेजारी दोन भोकं पाडून मधला भाग कानशीने मोकळा करा, ४ मिलिमीटरच्या स्क्रूला ८-९ मिलिमीटर लांब. लांबट बाजू बैठकीच्या रुंदीच्या दिशेने. डोक्याखाली वॉशर, आणि आवळताना शेवटचा पाव फेरा सोडून द्या. बैठक सपाट राहते, आणि सरकायला मोकळीही राहते.

घरात जुनं पॅनेलचं दार असेल तर ते जवळून बघा. मधलं पॅनेल चौकटीच्या खाचेत नुसतं बसवलेलं असतं, चिकटवलेलं नसतं. उन्हाळ्यात त्याच्या कडेला रंग न लागलेली एक बारीक कोरी रेघ उघडी पडते. तेवढं ते आत सरकलेलं असतं. पुढे कुणी हौशीने त्या खाचेत लांबी आणि जाड रंग भरून ‘फट बुजवतो’, आणि दुसऱ्या वर्षी पॅनेल मधोमध तडकतं. चौरंगाची वरची फळी मी आता अशीच चौकटीत मोकळी बसवतो.

खणाचा हिशेब महिन्यावर ठेवा. खणाची समोरची फळी १५० मिलिमीटर उंच असेल आणि काम मे महिन्यात करत असाल तर वर ३ मिलिमीटर मोकळे सोडा. तेच काम ऑगस्टमध्ये करत असाल तर १ पुरतो. पावसात अडकलेला खण घासू नका. दिवाळीपर्यंत थांबा, तो स्वतःच सुटेल. थांबवतच नसेल तर सरकत्या कडांवर मेणबत्ती फिरवा.

झालेलं नुकसान

एप्रिलमधली भेग लांबीने किंवा भुसा-गोंदाने भरायचा मोह होतोच. भरलीत तर जुलैत लाकूड फुगून परत आपल्या जागी येऊ बघेल, तिथे दगडासारखी लांबी असेल, आणि भेग पुढे वाढेल. आधी धरून ठेवणारी पट्टी, स्क्रू, कोनपट्टी जे काही असेल ते सोडवा. बऱ्याचदा भेग त्याच क्षणी अर्धी मिटते. मग गोंद आत घालून शिकंज्यात आवळा. बाहेर ठेवायच्या वस्तूला गोंद वॉटरप्रूफ दर्जाचाच घ्या; साधा पांढरा गोंद ओलीत मऊ पडतो.

वाकलेली सुटी फळी सरळ करायची तर खोलगट बाजू ओल्या फडक्यावर किंवा हिरवळीवर पालथी ठेवा, फुगीर बाजू उन्हाकडे. दोन-तीन तासांत सरळ व्हायला लागते. नजर ठेवा, नाहीतर उलटी वाकते. ही फळी पुन्हा रुंद छपरासाठी वापरू नका. तिच्या पट्ट्या काढा.

खिळे वर आले असतील तर हातोडीने पुन्हा आत बसवून काही होत नाही, पुढच्या पावसाळ्यात परत वर येतात. तिथे स्क्रू घाला, स्टेनलेस स्टीलचा. सागवान, बाभूळ, सीडर या लाकडांत साधा लोखंडी खिळा ओल लागली की काळे ओघळ सोडतो, आणि ते ओघळ रंध्यानेही पूर्ण जात नाहीत.

तेलपाण्याबद्दल. रंग, वॉर्निश, तेल यांतलं काहीही ओलावा थांबवत नाही, फक्त त्याची चाल हळू करतं. म्हणून लावायचं ते सगळीकडून सारखं लावा, छपराच्या पोटालासुद्धा, आणि कापलेल्या टोकांना दोन हात जास्त. एकाच बाजूला तीन हात मारले की दुसरी बाजू मोकळी श्वास घेते आणि फळी वाकते. माझ्या ऑइलपेंटच्या पेटीचं तेच झालं होतं. मी आता बाहेरून बेलतेलात, म्हणजे रंगाच्या दुकानातल्या जवसाच्या तेलात, थोडं टर्पेंटाइन घालून लावतो, हिवाळ्यात, म्हणजे ते पावसाआधी पूर्ण सुकतं. पावसाळ्यात लावलं तर चिकट राहतं आणि त्यावर काळी बुरशी धरते. तेल पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं, आणि गोळा करून टाकलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा.

कौलांसारख्या छपराच्या दोन पेट्या गेल्या पावसाळ्यात उघड्यावर होत्या. एकीची सगळ्यात खालची पट्टी एका टोकाला उचलली. खाली उतरवून बघितली तर त्या टोकाला स्क्रूशेजारी गाठ होती, आणि सवयीने मी मोकळ्या कडेलाही एक स्क्रू मारून ठेवला होता. तो काढला. पट्टी आठवडाभरात बसली.